पिंपळखुटे काका आणि मागचा उजेड

पिंपळखुटे काकांच्या हातात काहीही द्या, ते आधी उजेडाकडे धरणार. धरणार, एक डोळा मिटणार, दुसरा बारीक करणार, आणि मगच त्या वस्तूचा स्वीकार करणार. आम्ही जबलपूरला बदलून आलो आणि चेरीतालमध्ये त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला लागलो, त्या पहिल्याच संध्याकाळी माझ्या बायकोने, माधवीने, घरमालकांकडे रीत म्हणून घडीच्या पोळ्या आणि भाजी नेऊन दिली. काकांनी ताटावरचं फडकं बाजूला केलं, वरची पोळी दोन बोटांत उचलली आणि खिडकीशी जाऊन ती मावळत्या सूर्यासमोर धरली. "कडा जाड आहेत," ते म्हणाले. "मध्ये एकदम पास."

माधवी वर आली ती अर्धा तास माझ्याशी बोलली नाही. जसं काही पोळी मीच तपासली होती. पण दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातल्या पोळ्यांच्या कडा पातळ झाल्या, हे इथे नमूद केलं पाहिजे.

काकांची सगळी नोकरी इथल्या एका लष्करी सामानाच्या फॅक्टरीत, इन्स्पेक्शन सेक्शनमध्ये गेली. काम काय, तर घासून सपाट केलेला लोखंडाचा तुकडा घ्यायचा, त्यावर सरळ धारेची पट्टी उभी टेकवायची आणि दोन्ही मिळून खिडकीकडे धरायचं. पट्टी आणि तुकडा यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की तुकडा वाकडा, रिजेक्ट. नाही दिसली तर पास. घरची खिडकी असो, दुकानाचं दार असो की उघडा रस्ता, काका अजून त्याच सेक्शनमध्ये आहेत. माल तेवढा बदलला आहे.

बड्या फुहाऱ्याच्या बाजारात त्यांच्याबरोबर कापड घ्यायला जाणं ही धैर्याची गोष्ट आहे. मी एकदा गेलो. काकूंसाठी सुती साडी घ्यायची होती. दुकानदाराने गादीवर साड्यांचा ढीग घातला, आणि काका एक एक साडी उलगडत थेट रस्त्यावर जाऊन उन्हात धरून पाहायला लागले. पहिल्या साडीला दुकानदार हसला. दुसऱ्या साडीला तो उठून दारापर्यंत आला. पुढच्या साडीला त्याने हात जोडले आणि विचारलं, "बाबूजी, साड़ी पहननी है कि छाननी है?" काका जराही रागावले नाहीत. उलट त्याला कडेला घेऊन त्यांनी आडवा धागा कुठे विरळ झाला आहे ते दाखवलं. शेवटी साडी न घेताच आम्ही परत आलो, आणि येताना काका मला म्हणाले, "समोरून तर सगळंच चांगलं दिसते, देवधर. क्या है कि, मागून उजेड आला की मग समजते."

हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून एकदा तरी ते येतंच.

रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशातून त्यांनी एक कॅमेरा घेतला आणि अगदी जवळून फोटो काढायची एक लेन्स घेतली. लोक अशा वेळी बद्रीनाथला जातात. काका घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये गेले. कंपाउंडची भिंत एका जागी पडली आहे, त्या खिंडारातून पलीकडे गेलं की रुई, आघाडा, एकदांडी, गाजरगवत आणि कोणाच्या तरी जुन्या विटा, एवढी सगळी संपत्ती. त्या संपत्तीत काका रोज सकाळी पालथे पडतात.

मला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी मी दात घासत गच्चीच्या कठड्याशी आलो, तर खाली गवतात एक म्हातारा माणूस तोंड खाली घालून निश्चल पडलेला. पायात मोजे, डोक्याला माकडटोपी. मी ब्रश तोंडात तसाच ठेवून जिना उतरलो, खिंडारातून उडी मारली, आणि "काका, काका" करत त्यांना हलवलं. प्रेत वळलं आणि अत्यंत दुखावलेल्या आवाजात म्हणालं, "श्वास रोखून होतो हो. उडाली ना ती."

ती म्हणजे टाचणी. चतुराची धाकटी बहीण म्हणावी असा एक बारीक किडा. तो दवात भिजून गवताच्या पात्यावर बसला होता आणि काका त्याच्या मागून सूर्य येण्याची वाट पाहत होते. माझ्यामुळे ती टाचणी गेली ती गेलीच. पुढे कित्येक दिवस काका माझी ओळख "यांनी माझी टाचणी उडवली" अशी करून देत होते.

प्रायश्चित्त म्हणून मी काही रविवार त्यांचा मदतनीस झालो. त्यामुळे या कलेची थोडी माहिती मला झाली आहे, ती सांगतो. सूर्य कासराभर वर येईपर्यंतच हे दुकान उघडं असतं. फोटोग्राफर सूर्याकडे तोंड करून आडवा पडतो, म्हणजे सगळं जग ज्या बाजूला पाठ करतं त्या बाजूला याचं तोंड. पान किंवा किडा जो कोणी असेल तो मधे. सूर्य थेट लेन्समध्ये घुसला तर फोटोवर पांढरा धूर बसतो, म्हणून तो देठाच्या किंवा पानाच्या आड बरोबर लपवायचा, आणि वर टोपीची सावली धरायची. मागे काहीतरी काळोखं पाहिजे. इथे ते काम समोर राहणाऱ्या चौबेजींच्या घराची सावलीत असलेली भिंत करते. वारा आला तर मदतनिसाने छत्री आडवी धरायची आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याने पात्याचा बुंधा एका विणायच्या सुईला अडकवायचा. मदतनिसाला त्याच जागी मुंग्या चावत असल्या तरी त्याने हलायचं नाही.

"आणि कॅमेरा घाबरते," काका सांगतात. समोर सूर्य पाहिला की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळंच काळं करून टाकतो. अशा वेळी त्याला थोडा धीर द्यायचा, म्हणजे उजेड त्याच्या मनापेक्षा थोडा जास्त घ्यायला लावायचा. धीर जास्त दिला तर मात्र सगळं पांढरं होतं. हे गणित काकांना जमतं. मला अजून घरातल्या दिव्याखालीसुद्धा फोटो काढता येत नाही.

पण त्यांचे फोटो मात्र मी पुन्हा पुन्हा पाहिले. रोज चपलेखाली येणारं ते एकदांडीचं फूल, त्याच्या देठावर इतकी लव असते हे मला माहीत नव्हतं. प्रत्येक केस वेगळा, आणि प्रत्येकाच्या टोकाला उजेड. रुईचं पान आतून पेटल्यासारखं हिरवं, त्याच्या शिरा मोजाव्यात अशा. मी स्तुती केली, तर काकांनी स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन सांगितलं, "डावीकडे थोडं हललं आहे. रिजेक्ट." आणि मी अजून पाहत असतानाच त्यांनी तो पुसून टाकला.

आता नलिनीकाकूंची ओळख करून दिली पाहिजे, कारण या घरात पिंपळखुटे काकांना रिजेक्ट करायचा अधिकार फक्त त्यांच्याकडे आहे. काकू म्हणजे इथल्या महाराष्ट्र मंडळाची निम्मी ताकद. संक्रांतीचं हळदीकुंकू, चैत्रातली डाळ-पन्हं, सगळं त्यांच्या आवाजावर चालतं. आणि आवाजाच्या खालोखाल प्रसिद्ध काय, तर त्यांचे केस. कमरेच्या खाली जातील असे, साठीनंतरही निम्मे काळे. थंडीच्या दिवसांत त्या न्हाऊन गच्चीवर मटार सोलायला बसत, तेव्हा केस मागे खुर्चीच्या पाठीवरून सोडलेले असत आणि माधवी कामाचं काही नसताना दोन फेऱ्या मारून येई. काका शेजारी बसून मटारची शेंग उन्हात धरून आतले दाणे किती ते सांगत आणि मग सोलत. काकूंच्या चार शेंगा होईपर्यंत त्यांची एक होई.

त्या केसांमागून सूर्य आलेला पाहून काकांच्या हाताला खाज सुटली नसेल असं नाही. पण त्यांना परवानगी नव्हती. त्याला कारण झाला होता तो भाच्याचा साखरपुडा.

नेपियर टाउनमधल्या एका हॉलमध्ये काकूंच्या भाच्याचा साखरपुडा होता. ठरवलेला फोटोग्राफर आयत्या वेळी आला नाही आणि सगळ्यांची नजर काकांकडे गेली. घरात एवढा मोठा कॅमेरा आहे म्हटल्यावर ते साहजिकच होतं. काकांनी आधी आढेवेढे घेतले, मग एकदा होकार दिल्यावर मात्र ते पूर्ण तयारीने उतरले. स्टेजवर मांडलेल्या खुर्च्या त्यांनी उचलायला लावल्या आणि पश्चिमेच्या मोठ्या खिडकीसमोर, खिडकीकडे पाठ करून ठेवायला लावल्या. मुलीकडच्या एका गृहस्थांनी विचारलं, की भैया, चेहऱ्यावर उजेड नको का. काका त्यांच्याकडे दयेने पाहून हसले.

फोटो आले. सगळ्या फोटोंमध्ये वधूवर आणि दोन्हीकडची मंडळी कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी काळी, आणि त्या काळोखात झगझगीत लाल असे कान. मुलाचे कान जरा मोठे आहेत, ते तर आतल्या शिरांसकट दिसत होते. मुलीच्या आईने काकूंना फोन करून विचारलं, की मुलाला कानाचा काही आजार आहे का, असेल तर आत्ताच सांगा. काका मात्र प्रसन्न होते. मुलीच्या आजोबांच्या कानांतले केस कसे सोन्यासारखे आले आहेत ते त्यांनी सोफ्यावर बसलेल्या प्रत्येक पाहुण्याला दाखवलं. आजोबांनाही दाखवलं.

लग्न मोडायचं थोडक्यात वाचलं. त्या रात्री काकूंनी फर्मान काढलं, की यापुढे काका माणसाचा फोटो काढणार नाहीत. गवत आहे, किडे आहेत, त्यांना कान नाहीत, त्यांचे काढा. काकांनी गच्चीवरच्या केसांचा विषय हळूच काढून पाहिला, तर काकू म्हणाल्या, "मला काही टाचणी व्हायचं नाही आहे." विषय तिथेच मिटला, आणि आम्ही सगळेच या गोष्टीवर वर्षभर हसलो.

पुढच्या वर्षी काकूंच्या छातीत गाठ निघाली.

ऑपरेशन झालं, मग औषधाचे डोस सुरू झाले, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे केस गेले. आजाराशी काकू भांडल्या तशा कोणाशीच भांडल्या नसतील. उलट्या होत असतानासुद्धा त्या आतून ओरडून सांगायच्या, की डाळीला फोडणी माधवीने दिली असेल, जिरं जळलं आहे. पण केसांपुढे त्या हरल्या. डोक्याला घट्ट रुमाल बांधला आणि घराचं दार लावून घेतलं. औषध संपलं, तपासण्या चांगल्या आल्या, तरी दार उघडलं नाही. मंडळाच्या बायका आल्या की त्या दाराआडून बोलायच्या. बेसिनवरचा आरसा त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवला. डॉक्टर म्हणाले केस यायला लागले असतील, तर काकूंनी त्यांना सांगितलं की हाताला काहीतरी लवेसारखं लागते, पण ते केस नाहीत, बुरशी आहे. कोणी पाहू म्हटलं तर रुमालाची गाठ आणखी घट्ट व्हायची. केस आले की बाहेर येईन, असं त्या म्हणत. आणि नाही आले तर, असं माधवीने एकदा विचारलं. "तर नाही येणार," काकू म्हणाल्या.

या सगळ्या काळात काका काय करत होते? काका रोज सकाळी प्लॉटमध्ये पालथे पडलेले असत.

गल्लीत याची चर्चा व्हायला वेळ लागला नाही. समोरचे चौबेजी रोज सकाळी छतावर उभे राहून सूर्याला पाणी देतात. त्यांना तिथून प्लॉट सगळा दिसतो. ते मला म्हणाले, की घरात बीवी बीमार आणि हे घास की फोटो खींच रहे हैं. मला ते पटलं. मला तर रागच आला होता. मी बँकेतला माणूस, सकाळी उठून दुसऱ्याच्या भानगडीत पडणं माझ्या स्वभावात नाही, पण एका सकाळी मी खिंडारातून पलीकडे गेलो आणि काकांना विचारलं, की काकूंना तुमची गरज असताना हे रोज काय चालवलं आहे.

काका उठून बसले. कोपरांना माती लागली होती. ते माझ्याकडे न पाहता घराच्या मागच्या बाजूला पाहत होते.

"सकाळी ती डोकं धुते, देवधर," ते म्हणाले. "तेव्हा तिला घरात कोणी नको. मी पण नको. आधी मी वरांड्यात बसत होतो. तर म्हणे, तुम्ही दाराबाहेर बसून राहिले हे मला आतून समजते. म्हणून इथं येऊन राहिलो. रुमाल बांधून झाला की ती स्वयंपाकघराची खिडकी उघडते. मग मी जातो."

मी त्यांच्याजवळ विटेवर बसलो. खिडकी बंद होती.

"फोटो तर मग काढतोच, इथं आलोच आहे तर," ते कोपराची माती झटकत म्हणाले. आणि मग, "तिच्या केसांचा एक पण नाही माझ्याजवळ. ती नाही म्हणाली तेव्हा मी पण नाद सोडला. वाटलं, केस कुठं जाऊन राहिले."

त्या दिवसांत काढलेले फोटो त्यांनी मला दाखवले. सगळे एकाच आघाड्याचे, एकाच जागेवरून काढलेले. बरेचसे हललेले होते. एकही पुसलेला नव्हता, कारण ते त्यांनी पाहिलेच नव्हते. मला तेव्हा त्यांची जी माया वाटली ती मी बोलून दाखवली नाही. चावणाऱ्या मुंग्यांना शिव्या देत खिडकी उघडेपर्यंत तिथेच बसलो, एवढंच.

संक्रांत तोंडावर आली. काकूंनी घरात बसून सगळ्या मंडळाचे तिळाचे लाडू वळले आणि डबे आमच्याकडे वर पाठवून दिले. सोबत निरोप, की हळदीकुंकू माधवीने सांभाळावं, मला विचारायला कोणी येऊ नका. माधवी खाली जाऊन समजूत घालून आली. काकांनीही घातली असावी, कारण त्या रात्री खालून काकूंचा आवाज बराच वेळ येत होता आणि काकांचा अजिबात नाही. सकाळी, म्हणजे हळदीकुंकवाच्याच दिवशी, ते नेहमीप्रमाणे प्लॉटमध्ये गेले.

थंडी कडाक्याची होती. सगळ्या गवतावर दव. चौबेजींच्या टाकीमागून सूर्य नुकताच वर आला होता आणि चौबेजी लोटा घेऊन छतावर आले होते. मी कठड्याशी दात घासत होतो. खाली काका पालथे. एवढ्यात त्यांच्या तोंडून "आई गं" असा आवाज निघाला. मला वाटलं मुंगळा चावला, आणि खरं सांगायचं तर मला हसू आलं. पण दुसऱ्यांदा जो आवाज आला तो हसण्यासारखा नव्हता. त्यांना कुशीवर वळता येत होतं, पण उठता येत नव्हतं.

मी चपला शोधत होतो तोवर खालचं मागचं दार धाडकन उघडलं. काकू बाहेर आल्या. अंगात गाऊन, त्यावर स्वेटर, एकाच पायात चप्पल, खांद्यावर टॉवेल. डोकं ओलं आणि उघडं. खिंडारातून त्या कशा पार झाल्या मला कळलं नाही. मी तिथे पोचलो तेव्हा त्या काकांच्या डोक्याशी उभ्या होत्या आणि त्यांचा आवाज फाटला होता.

"छातीत दुखून राहिलं का? बोला ना. काहून बोलत नाही?"

"कंबर," काका म्हणाले. "धरली."

हे ऐकल्यावर काकूंचा जीव खाली आला आणि तोंड सुरू झालं. ओल्यात पडू नका म्हणून कितीदा सांगितलं, वयाची काही लाज आहे की नाही, गवताला काय सोनं लागलं आहे, असं बरंच काही. काका त्यातलं काही ऐकत नव्हते. ते कुशीवर पडून वर पाहत होते. एक डोळा मिटलेला, दुसरा बारीक. काकूंच्या बरोबर मागे सूर्य होता.

"नलू," ते म्हणाले, इतक्या हळू की काकू बोलायच्या थांबल्या. "हालू नको."

काकूंना वाटलं, यांना कळ आली असावी, आपण हललो तर यांना दुखेल. त्या होत्या तशा थांबल्या. काकांनी कोपर मातीत रोवलं, कॅमेरा उचलला आणि एकच फोटो काढला.

त्या आवाजाने काकू भानावर आल्या. हात डोक्यावर गेला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मी उभा होतो, तोंडाला टूथपेस्टचा फेस. वर छतावर चौबेजी लोटा धरून खिळले होते, पण काकूंची नजर वर जाताच ते पटकन वळले आणि सूर्य पूर्वेला सोडून उत्तरेला पाणी घालायला लागले. काकूंनी खांद्यावरचा टॉवेल ओढला.

"आधी हे पाहा," काका म्हणाले. "मग झाक."

त्यांनी कॅमेरा वर धरला. काकूंनी तो घेतला. हातांच्या सावलीत स्क्रीन धरून त्या पाहायला लागल्या, आणि मी त्यांच्या खांद्याच्या मागून पाहिलं. चेहरा काळाच होता. काकांच्या फोटोंत माणसाचा चेहरा काळाच येतो. पण त्या काळोखाच्या कडेने, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, बारीक उभ्या केसांची दाट रांग होती. आखूड, मऊ, प्रत्येक केस वेगळा दिसत होता, आणि काहींच्या टोकाला पाणी होतं. मी मान वर करून प्रत्यक्ष काकूंकडे पाहिलं, तर माझ्या बाजूने खरंच काही दिसत नव्हतं. पांढरे केस आणि गोरी कातडी, एवढंच.

काकूंनी स्क्रीन आणखी डोळ्यांजवळ नेली.

"हे माझे आहेत?" त्या म्हणाल्या.

"मग कोणाचे," काका म्हणाले. आणि त्यांचे डोळे वाहायला लागले. कंबर धरलेली असल्याने त्यांना तोंड फिरवता येईना, आणि एक हात अंगाखाली अडकलेला, दुसऱ्याला माती लागलेली, त्यामुळे डोळे पुसताही येईनात. ते तसेच आमच्या समोर उघड्यावर रडत राहिले. इतक्या महिन्यांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मी त्यांना उठवायला वाकलो, तर त्यांनी मानेने नको म्हटलं. थोडा वेळ गेला की आपोआप सुटते, असं ते म्हणाले.

मग काकू त्यांच्या शेजारी त्या ओल्या गवतात बसल्या. कॅमेरा त्यांनी जपून मांडीवर ठेवला. खांद्यावरचा टॉवेल काढला, आणि त्याच्या कोरड्या टोकाने काकांचे डोळे पुसले, नाक पुसलं, दाढीला लागलेली माती पुसली. पुसून झाल्यावर तो टॉवेल त्यांनी घडी करून काकांच्या मानेखाली सरकवला.

"माधवीला म्हणा, चहा इथंच आण," त्या मला म्हणाल्या. "आणि दुपारी मंडळात जायला ऑटो सांगून ठेव म्हणा. दोघींसाठी."

मी चहा सांगायला वर गेलो. जिन्यातून वळून पाहिलं, तर काकू तशाच उघड्या डोक्याने उन्हात बसल्या होत्या आणि काकांना दामटून सांगत होत्या, की ओल्यात पडायचं हे आजपासून बंद.